अल्याडचे शब्द, पल्याडचे शब्द

आई आणि आत्या यांचा अबोला सुरू असला की आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं चुलीशी व्हायचं. आई फुंकणी घेऊन चुलीपुढे बसायची आणि जाळाकडे बघत म्हणायची, “चुलीबाय, कुनाला तरी सांग, मीठ संपलंय.” आत्या मागच्या दारात भाजी निवडत असायची. ती मांजरीला सांगायची, “मने, मीठ फळीवरच्या मडक्यात हाय. डोळं असतील त्याला दिसंल.” मांजर ढिम्म हलायची नाही. मग मी उठून मीठ काढून द्यायचे, आणि दोघीही माझ्यावरच खेकसायच्या, की अभ्यास सोडून इथे काय करतेस. अबोल्याचं कारण कधी मोठं नसायचं. कोंबडीनं कुठं अंडं घातलं, पेज पातळ का झाली, कुणाच्या माहेरचे वाल लवकर शिजतात, असलं काहीतरी. बोलणं बंद असलं तरी काम बंद नसायचं. आई तांदूळ पाखडायची आणि आत्या खालून कण्या गोळा करायची, एकीचा हात थांबला की दुसरीचा सुरू, आणि तोंडं मात्र एकीचं सिद्धगडाकडे तर दुसरीचं मुरबाडच्या वाटेकडे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, भिमाआत्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर काळू नदीच्या पल्याडचा गुराखी वळून बघायचा. आई बारीक, चपळ, कमी बोलणारी, पण जे बोलेल ते लागेल असं बोलणारी. दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: स्वयंपाक आपल्याशिवाय दुसरीला जमत नाही. आज वाशिंदच्या फ्लॅटमध्ये गॅससमोर मी एकटी उभी असते, कुणी उलट बोलायला नाही, आणि खरं सांगते, त्या चुलीशी चाललेल्या बोलण्याची मला फार आठवण येते.

या घरात प्रधानबाई राहायला आल्या. गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला कल्याणहून आलेल्या, एकट्या, चष्मा लावणाऱ्या, बिनलग्नाच्या. एकट्या बाईला खोली द्यायला गाव कचरत होतं. बाबांनी पडवीला लागून असलेली खोली रिकामी करून दिली आणि भाड्याचा विषय निघाला तेव्हा कानावर हात ठेवले. आईनं बाईंच्या ताटात पहिल्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. बाईंनी आधी इतकी झणझणीत सुकट खाल्लेली नव्हती. त्यांनी डोळे मिटून घास घेतला, उघडले आणि अजून मागितली. त्या दिवशी आत्यानं निकाल दिला, “बाय आपल्यातली हाय.”

त्या काळी आमच्याकडच्या मुलींचं शिक्षण इंग्रजीवर येऊन थांबायचं. गणितात कुणीतरी सुटायची, भूगोलात सुटायची, पण दहावीचा निकाल लागला की गावभर एकच ऐकू यायचं, अमक्याची इंग्रजीत गेली, तमक्याची इंग्रजीत गेली. गेली ती गेलीच. पुन्हा परीक्षेला कोण बसवतंय, पुढच्या भाताच्या आवणीला ती सासरच्या चिखलात उभी असायची. शिकवण्याची पद्धतही तशीच होती. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि घोकंपट्टी. आमचे हेडसर म्हणायचे, रोज घोका, चुकलात तर छडी. आम्ही घोकायचो. परीक्षेत तोच शब्द वेगळ्या वाक्यात आला की तोंड उघडंच राहायचं. शाळेत डिक्शनरी एकच होती आणि ती हेडसरांच्या कपाटात कुलपात असायची, मुलांच्या हातानं मळेल म्हणून.

बाईंना युक्ती सुचली आमच्या ओटीवर. आमच्या बाबांना एक खोड होती. घरी कुणी परका माणूस आला की आधी पाणी, मग गूळ, आणि मग उलटतपासणी. कुठलं गाव? कुणाच्यातले? मामा कोण? बहीण कुठं दिली? असं करत करत बाबा त्याला कुठल्यातरी ओळखीच्या घरापाशी आणून बांधायचे आणि मगच सुटकेचा निःश्वास टाकायचे, “म्हंजे तुमी आपल्या शिरोशीच्या पाव्हन्यांचे साडू!” बाई एकदा हातात चहाची बशी घेऊन हे सगळं ऐकत बसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, “नवीन शब्द दिसला की कुसुमच्या बाबांसारखं करायचं. त्याचा अर्थ मला विचारू नका. तो कुणाच्या शेजारी बसलाय ते बघा, त्याच्या आधी कोण आलं, मागून कोण आलं ते बघा. त्याची भावकी शोधा. तो आपोआप सांगेल मी कोण.”

मग शाळेच्या मैदानावर चुन्याची लांब रेघ आली. ती आमची काळू नदी. रेघेच्या अलीकडे एका अर्थाचे सगळे भाऊबंद, पलीकडे त्यांच्या उलट अर्थाचे. पुस्तकातले समानार्थी आणि विरुद्धार्थी हे शब्द आम्ही कधी वापरलेच नाहीत. आम्ही म्हणायचो अल्याडचे आणि पल्याडचे. बाई प्रत्येकाला एक शब्द वाटून द्यायच्या आणि आपण कुठं उभं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एवढ्यानं भागायचं नाही. भावकी झाली तरी सगळे भाऊ एका स्वभावाचे थोडेच असतात? कोण चुलीजवळचा, म्हणजे जास्त तापलेला, आणि कोण दाराजवळचा, म्हणजे नुसता कोमट, हेही ठरवावं लागायचं. रागाच्या भावकीत मी ‘फ्युरियस’ होते आणि अगदी चुलीला चिकटून उभी होते. दत्तू नावाचा आमच्या वर्गातला शांत पोरगा ‘अनॉइड’ होता, तो दारात. मधल्या ‘अँग्री’ला कुठं उभं राहावं कळेना, तेव्हा दत्तूनं त्याला हाताला धरून आमच्या मधोमध आणून उभं केलं. पल्याड ‘क्वायट’ आणि ‘पीसफुल’ आपसातच भांडत होते.

एकदा ‘स्टबर्न’ आणि ‘फर्म’ एकाच घरातले का, यावर अर्धा तास गेला. बाई माझ्याकडे बघून हसल्या. “कुसुम, तुझी आत्या हट्टी की ठाम?” मी म्हटलं, “आईला विचारलं तर हट्टी, बाई. मला विचारलं तर ठाम.” बाई म्हणाल्या, “बस. आत्या तीच, बघणारा बदलला की शब्द बदलतो.” मी पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, जाडजूड पुस्तकं वाचली, पण याहून सोपं करून ते मला कुणी सांगितलं नाही. माझा नातू मोबाइलवर बोट ठेवतो आणि अर्थ लगेच हजर होतो. दुसऱ्या दिवशी तोच शब्द आला की पुन्हा बोट ठेवतो. मी त्याला काही म्हणत नाही, पण मनातल्या मनात चिडते. पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारता दारातूनच नाव विचारून वाटेला लावण्याची ही रीत मला पटत नाही.

हेडसरांना हा चुन्याचा खेळ मुळीच पसंत नव्हता. पालकही कुरकुरायला लागले होते, की पोरं इंग्रजीच्या तासाला नदी-नदी खेळतात. बाईंची उमेदवारीची मुदत संपत आली होती. संस्था त्यांना कायम करणार की निरोप देणार, हे इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांच्या मतावर ठरणार होतं, आणि साहेबांच्या कानात काय घालायचं याची हेडसरांनी तयारी केलेली होती. मी तेव्हा नुकतीच दहावीत गेले होते. बाई गेल्या तर माझी दहावी काय होणार हे सगळ्यात आधी आईला कळलं.

आईचा हिशेब सरळ होता. कसाऱ्याहून एक स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत, राहायला क्वार्टर. “आज पोरगी दहावीत हाय म्हनून मागनी हाय,” आई म्हणाली. “बाय गेली, ही इंग्रजीत गेली, मंग नापास पोरीला कोन इचारतंय?” आत्यानं विळी खाली ठेवली. “वयनी, बाय जायाच्या आधीच तू पोरीला घालवायला निघालीस.” आई म्हणाली, “वन्सं, ती माजी पोर हाय.” आत्यानं विळी पुन्हा पुढे ओढली. ती मूल नसलेली बाई होती, आणि ते वाक्य तिला कुठं लागलं असेल ते आज मला कळतं. बाबा ओटीवरून म्हणाले, “साहेब काय बोलतात ते बघू, मंग ठरवू.” झालं. अबोला सुरू झाला, आणि तोही नेमका साहेब येण्याच्या आदल्या दिवशी.

मास्तर ज्या घरी राहतो त्या घरी साहेबाचं जेवण, ही आमच्याकडची रीत. आईनं भाताला बाजूला ठेवलेला जुना तांदूळ काढला. साहेब शाकाहारी म्हणून वालाचं बिरडं घातलं. आणि दिवस शेवळ्यांचे होते. पाऊस तोंडावर आला की आमच्या रानात जमिनीतून वर येणारे हे जांभळट कोंब, शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला त्यांचं नाव काढलं तरी भूक लागते. पण शेवळं भारी खाजरं. त्यातला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि भाजीत काकड नावाच्या रानफळाचं आंबट पाणी ओतायचं. ते पडलं की खाज मरते. ते राहिलं तर घशात सुया टोचायला लागतात. आत्यानं पहाटे रानात जाऊन शेवळं आणली, साफ केली, चिरली. आईनं फोडणी दिली. काकडं ठेचून त्यांचं पाणी उकळून आत्यानं चुलीच्या मागच्या वैलावर ठेवलं होतं. एरवी एकीनं विचारलं असतं, “ओतलं का गो?” त्या दिवशी विचारणार कोण? आई समजली आत्यानं ओतलं, आत्या समजली आईनं ओतलं. पाहुण्याच्या पानात पडायच्या आधी भाजी चाखायची नाही, ती उष्टी होते, म्हणून कुणी चाखलीही नाही.

साहेब आणि हेडसर ओटीवर जेवायला बसले. बायका मागून जेवणार, म्हणून बाईही आत होत्या. साहेबांना प्रवासाची भूक लागलेली. त्यांनी भराभर घास घेतले, “वा, ही कसली भाजी?” म्हणत वाटी संपवली, आणि आईनं पुढे होऊन दुसऱ्यांदा वाढली. मग ते पाणी प्यायले. मग पुन्हा प्यायले. मग त्यांनी गळ्याला हात लावला आणि हेडसरांकडे बघितलं, तर हेडसर आधीच गळा खाजवत होते. मी आत धावले. मागच्या वैलावर काकडांचं पाणी काठोकाठ भरलेलं तसंच होतं. आई त्या भांड्याकडे बघत उभी राहिली, आत्याही.  बाईंनी शांतपणे पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “चल, शाळेची वेळ झाली.” 

वर्गात साहेब उभे राहिले ते लालबुंद चेहऱ्यानं. खाकरत, मान वाकडी करत. बाईंकडे बघून ते उपरोधानं इंग्रजीत म्हणाले, “तुमची मुलं म्हणे शब्दांत हुशार आहेत. मग सांगा बघू, मला आत्ता काय होतंय?”  बाईंनी फक्त आमच्याकडे बघितलं. तेवढ्यात ‘अनॉइड’वाला आमचा दत्तू उठला. “टिकलिंग, सर?” साहेब म्हणाले, “त्यापेक्षा जास्त.” “इचिंग, सर.” “अजून.” मग बांध फुटला. प्रिकिंग, स्टिंगिंग, बर्निंग, शेवटी मागच्या बाकावरून टॉर्मेंटिंग. प्रिकिंग आधी की स्टिंगिंग आधी यावर दोन मुली तिथेच भांडायला लागल्या, आणि साहेबांनी आवंढा गिळून, स्वतःच्या घशाला विचारून निकाल दिला, की प्रिकिंग आधी. बाई म्हणाल्या, “आता पल्याड.” आम्ही ओरडलो, “सूदिंग! कूलिंग! रिलीफ!”

आणि दारात आत्या उभी. हातात चिंच-गुळाच्या पाण्याचा तांब्या. “साहेब, आधी हे घ्या, मंग काय बोलायचं ते बोला,” ती म्हणाली. “चूक बाईंची नाय. काकडाचं पानी वतायचं मी इसरले.” तिच्या मागून आई पुढे आली, डोक्यावरचा पदर सावरत. “तुमी कशाला इसरता, वन्सं? फोडनी माजी होती. मीच इसरले.” “तू गप गो वयनी, उकळलं मी व्हतं.” अबोला सुटला तो असा, भर वर्गात, चूक आपल्याकडे ओढून घेण्याच्या भांडणात. साहेब तांब्यातलं पाणी घोट घोट पीत दोघींकडे बघत होते. मग ते मोठ्यानं हसले, आणि आम्हीही.

पण हेडसर हसले नाहीत. “साहेब, हे सगळं पाठ करून घेतलेलं आहे,” ते गळा खाजवत म्हणाले. साहेबांनी खडू उचलला. “मग पाठ न केलेलं विचारू,” म्हणाले, आणि फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. बैल नदीत उतरायला ‘रिलक्टंट’ होता, शेतकऱ्याला दोरी ओढावी लागली, शेवटी तो हळूहळू पाण्यातून पल्याड गेला. शब्द आम्ही कधीच पाहिला नव्हता. साहेबांची नजर फिरत माझ्यावर थांबली. मी उठले.  आई आता बाहेर जाऊन खिडकीच्या गजाला धरून उभी होती, आणि तिचा चेहरा मला आजही दिसतो. माझं कसारा की माझं कॉलेज, बाईंचं राहणं की जाणं, सगळं त्या एका बैलाच्या पाठीवर येऊन बसलं होतं.

मी बैलाच्या शेजारी कोण बसलंय ते बघितलं. दोरी होती, ओढणं होतं. म्हणजे त्याला जायचं नव्हतं. मी ‘अनविलिंग’ म्हणाले. साहेबांनी विचारलं, “मग जो सरळ नाही म्हणतो, रिफ्यूज करतो, तो आणि हा एकच का?” मी पुन्हा वाक्याकडे बघितलं. शेवटी तो गेला होता. काळूत उतरणारे आमचे बैल मी किती वेळा पाहिले होते. मला इंग्रजी सुचेना, मी मराठीतच बोलले, “नाय सर. रिफ्यूज करनारा जात नाय. ह्याच्या मनात नाय, भीती वाटते, पन दोरी धरनारा आपला हाय म्हनून जातो.”  साहेबांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि हेडसरांना म्हणाले, “या बाईंना हलवू नका. आणि सकाळी दाखवलंत ते डिक्शनरीचं कपाट उघडं ठेवत जा.”

बाई कायम झाल्या. मी दहावी पास झाले, इंग्रजीतसुद्धा. कसाऱ्याच्या स्थळाचं काय ते आईनं कुणालाच सांगितलं नाही. एक दिवस चुलीत लाकूड सारताना ती जाळाला म्हणाली, “कसाऱ्याला निरोप धाडा, औंदा नाय जमत,” आणि मागच्या दारातून आत्यानं मांजरीला सांगितलं, “मने, ऐकलंस ना?” त्यांचा अबोला नव्हता तेव्हा, नुसती सवय राहिली होती.

शहापूरला कॉलेजात जाण्याचा दिवस आला. तिथे वसतिगृहात राहायचं होतं. एसटीच्या थांब्यावर सगळे आले होते. आत्यानं नाचणीच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. बाबा थांब्यावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याचं गाव विचारत होते. बाई जरा दूर उभ्या राहून चष्मा पुसत होत्या. माझ्या पिशवीचा एक बंद माझ्या हातात होता आणि दुसरा आईच्या. गाडी आली, लोक चढले, कंडक्टर ओरडला, तरी आई बंद सोडेना. हसत होती, आणि हनुवटी थरथरत होती.

“कुसे,” ती हळूच म्हणाली, “हसू बी येतंय न् पोटात बी कालवतंय. याला तुमच्या बाईंच्या इंग्रजीत काय म्हनतात गो?”

बंद न सोडणाऱ्या हाताचा शब्द मला माहीत होता, ‘रिलक्टंट’, त्याचा अर्थ मी भर वर्गात साहेबांना सांगितला होता. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते अल्याडही नव्हतं आणि पल्याडही नव्हतं. मी सगळी भावकी धुंडाळली. काहीच सापडेना. मान हलवली.

“नाय ना?” आई म्हणाली. “मंग जा, शिकून ये.”

आणि तिनं बंद सोडला.